काप कुठून न्यायचा?

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यात, मोलगीच्या बाजूला, सातपुड्यातलं काठी हे गाव वर्षातल्या एका रात्रीसाठी महाराष्ट्रभर ओळखलं जातं. खानदेशातल्या मेवासी संस्थानांपैकी एकाची गादी इथे होती. संस्थान गेलं, त्याची राजवाडी होळी राहिली. ती 1246 पासून चालत आल्याचं सांगतात. उंच बांबू गुजरातच्या जंगलातून खांद्यावरून येतो, त्याच्यासाठीचा खड्डा अवजार न लावता हातांनी कोरतात, रात्रभर ढोल घुमतात आणि होळी पेटते ती पहाटे.

आता या होळीला मोबाइल येतात, मोठे कॅमेरे येतात, डोक्यावर ड्रोन घिरट्या घालतात. धुरळा खाली बसला की कुठल्यातरी खोलीत, कुठल्यातरी लॅपटॉपवर ते फुटेज कापायला कुणीतरी बसतं. पुढचा संवाद अशाच एका बैठकीतला. मामा आश्रमशाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. भाची लग्नांचे आणि होळीच्या गाण्यांचे व्हिडिओ एडिट करून पोट भरणारी. दोघंही मी रचलेली माणसं आहेत, पण सणाची फिल्म जिथे कापली जाते तिथे हे भांडण कुठल्या ना कुठल्या रूपात होतंच. वाद इतकाच, की काठीच्या होळीवरच्या छोट्या फिल्मच्या सुरुवातीला चित्र जिगसॉसारखं तुकड्यातुकड्यांनी जुळत यावं की नाही.

भाची: मामा, सात सेकंदांचा मामला आहे. काळा पडदा. एक तुकडा येतो, मग दुसरा, ढोलाच्या ठेक्यावर एकेक बसत जातो. शेवटचा बसला की बुध्यांची अख्खी रांग समोर. मग फिल्मचं नाव.

मामा: आणि हे कशासाठी?

भाची: बघणाऱ्यानं थांबावं म्हणून. अंगठा फिरत असतो हो लोकांचा. पहिल्या दोन-तीन सेकंदांत काही घडलं नाही की व्हिडिओ वर सरकला.

मामा: होळीत काही घडत नाही, असं म्हणायचंय तुला?

भाची: सगळं एकदम घडतं, हीच अडचण आहे.

मामा: अगं, हे तुकडे जोडायचे खेळ मी पहिलीच्या पोरांना द्यायचो. हत्ती, एसटी, ताजमहाल. बुध्या त्या यादीत बसतो का? पाळणी करणारा माणूस तो. खाटेवर झोपत नाही, सगळी पथ्यं सांभाळतो, अंगभर पांढरे ठिपके काढतो, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं बांधतो, डोक्यावर मोरपिसांचा टोप चढवतो. आणि तुझा काप जाणार नेमका त्याच्या नाकावरून.

भाची: नाकावरूनच गेला पाहिजे असं कुठे आहे?

मामा: मग कुठून जाईल ते कोण ठरवतं?

भाची: सध्या तरी सॉफ्टवेअर.

मामांनी इथेच बोट ठेवलं, आणि माझ्या मते बरोबर जागी ठेवलं. इफेक्ट वापरावा की नाही यावर लोक तासन् तास बोलतात. तो इफेक्ट कुठे कापतो, हे फारसं कुणी विचारत नाही.

भाची: आफ्टर इफेक्ट्समध्ये ‘शॅटर’ म्हणून एक इफेक्ट आहे. चित्र फोडण्यासाठीचा. फुटण्याचे तयार साचे असतात त्यात. विटा, काच, असे. त्यातलाच एक साचा ‘पझल’. तो निवडायचा, तुकडे किती हवेत ते सांगायचं, धक्का कुठे बसतो आणि किती जोराने ते सांगायचं. गुरुत्वाकर्षणसुद्धा आहे. तुकडे सुटतात, गरगरतात, खाली पडतात.

मामा: म्हणजे फोडायचा इफेक्ट आहे. जोडायचा नाही.

भाची: उलटा चालवायचा. फुटणं उलटं चालवलं की जुळणं.

मामा: आणि त्या तुकड्यांच्या आत फुटेज चालू असेल ना? जाळ, धूर, नाचणारे?

भाची: पकडलंत. नव्या माणसाचा पचका तिथेच होतो. सगळंच उलटं चालवलं की आतलं फुटेजही उलटं चालतं. धूर आकाशातून खाली येऊन जाळात शिरतो. नाचणारे हवेत उचलले जाऊन मागच्या मागे उतरतात.

मामा: होळी विझवून दाखवतेस म्हण की.

भाची: उपाय आहे त्याला. आधी क्लिपच उलटी करायची. त्या उलट्या क्लिपला फोडायचं. मग ते सगळं एका गाठोड्यात बांधून अख्ख्या गाठोड्याला उलटं करायचं. दोनदा उलटं म्हणजे सुलटं. धूर वर जातो आणि तुकडे जुळत येतात.

मामा: एवढी उलटापालट करून मिळवायचं काय, तर जे आधीच नीट होतं ते.

वाक्य टाळ्या घेणारं आहे, पण ते मान्य करायचं तर सिनेमाच मोडीत काढावा लागेल. दादासाहेब फाळके जादूचे प्रयोग करत, आणि त्यासाठी त्यांनी घेतलेलं नाव होतं ‘प्रोफेसर केळफा’. फाळके उलटं वाचा. त्याच माणसाने 1912 मध्ये कुंडीतल्या वाटाण्याचं रोप कॅमेऱ्यासमोर ठेवून, थोडं थोडं चित्रण करत, काही क्षणांत उगवून दाखवलं आणि 1915 मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ या छोट्या फिल्ममध्ये काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या. रोप आधीही नीटच उगवत होतं. ते उगवताना कुणी पाहिलं नव्हतं, एवढंच. तेव्हा युक्तीला नाक मुरडण्यात अर्थ नाही, आणि मामाही फार वेळ मुरडत नाहीत. त्यांची तक्रार वेगळी आहे.

मामा: हा खेळ सुरू कसा झाला माहीत आहे? लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी नावाचा नकाशे कोरणारा होता. 1760 च्या दशकातली गोष्ट. त्याने युरोपचा नकाशा लाकडी फळीवर चिकटवला आणि देशांच्या सीमांवरून कापला. पोरांनी भूगोल शिकावा म्हणून. एक तुकडा उचलला की एक अख्खा देश हातात. फ्रान्स म्हणजे फ्रान्स. तुझ्या त्या साच्यातला तुकडा उचलला की हातात काय येतं?

भाची: अर्धा ढोल आणि कुणाचं तरी कोपर.

मामा: बघ.

भाची: पण सीमेवरून कापलं म्हणजे बरोबर कापलं का? तुमच्याच वर्गातला महाराष्ट्राचा पुठ्ठ्याचा नकाशा आठवा. धुळ्याचा केवढा मोठा तुकडा होता. 1 जुलै 1998 ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तेव्हा कात्री कुणी घेतली?

मामा: मीच घेतली. नवा पुठ्ठा कोण देणार होतं?

भाची: आणि 1 मे 1960 ला गुजरात वेगळा झाला तेव्हाची कात्री? बांबू अजून तिकडच्या जंगलातून येतो. नर्मदेच्या पलीकडे मध्य प्रदेशात भगोरिया भरतो, अलीकडे आपल्याकडे भोंगऱ्या बाजार. होळी तीच, ढोल तेच, सोयरिकी इकडून तिकडे. त्या नकाशाच्या रेघा माणसांमधून गेल्या. माझा काप फार तर पिक्सेलमधून जाईल.

मामा: म्हणून तर म्हणतो, जपून. रेघ ओढणाऱ्याला वाटतं आपण नुसती रेघच ओढतोय.

भाची: बरं. मग साचा नको. रेघ मी स्वतः ओढते.

इथून पुढे भांडण कामाला लागतं. तत्त्वाची चर्चा चहाबरोबर संपते. तुकडे हाताने पाडायचे म्हटलं की दोघांनाही स्क्रीनकडे बघावं लागतं.

नेहमीचा व्हिडिओ 1920 बाय 1080 पिक्सेलचा. आडवे सहा, उभे चार असे चोवीस तुकडे केले तर एकेक तुकडा 320 बाय 270 चा, म्हणजे जरा आडवाच. अगदी चौकोनी तुकडे हवे असतील तर 16 बाय 9 असे 144 करावे लागतात. त्याहून कमी तुकड्यांत पूर्ण चौरस बसतच नाहीत. चोवीस तुकड्यांना आतले जोड अडतीस. प्रत्येक जोडावर एकाचं डोकं बाहेर आणि शेजाऱ्याची खाच आत. मोबाइलवरच्या ॲपमध्ये बरेच जण नुसतं क्रॉप करून हा इफेक्ट करायला जातात. तो होत नाही, कारण क्रॉप सरळ रेषेत कापतं आणि डोकं त्या चौकटीबाहेर राहतं. जिगसॉऐवजी फरशी दिसते. गिंपमधला जिगसॉ फिल्टरही फसवा आहे. तो चित्रावर तुकड्यांच्या रेघा सुरेख काढून देतो, उठावही देतो, पण तुकडे सुटे करत नाही.

भाची: खरा रस्ता मास्कचा. व्हिडिओची एक फ्रेम घ्यायची, इंकस्केपमध्ये खाली ठेवायची आणि तिच्यावर हाताने तुकडे काढायचे. प्रत्येक तुकड्याचं वेगळं काळं-पांढरं चित्र. पांढरं तिथे दिसेल, काळं तिथे झाकलं जाईल. मग एकाच क्लिपच्या चोवीस प्रती, चोवीस ट्रॅक, प्रत्येकाला आपापला मास्क आणि आपापले कीफ्रेम. तुकडा बाहेरून येतो, थोडा वळतो, वेग मंदावतो, जागेवर बसतो.

मामा: तुझा लॅपटॉप बसेल आधी.

भाची: हलक्या प्रती करून काम करते मी, शेवटी मूळ फुटेज लावते. त्रास तो नाही. त्रास हा बघा. सगळे तुकडे बसले. जवळून बघा आता.

मामा: रेघा दिसतायत.

भाची: केसाएवढ्या. सगळे तुकडे तंतोतंत जागेवर आहेत, तरी. कडा गुळगुळीत दिसावी म्हणून सॉफ्टवेअर कडेचा पिक्सेल अर्धा पारदर्शक ठेवतं. शेजारचा तुकडाही तसाच अर्धा. अर्ध्यावर अर्धा ठेवला की पाऊण होतं, पूर्ण होत नाही. राहिलेल्या पाव भागातून मागचा काळा पडदा डोकावतो.

मामा: मग?

भाची: मग शेवटचा तुकडा बसता बसता खाली न कापलेली क्लिप हळूच आणून ठेवायची. रेघा गायब.

मामा: थांब. परत सांग. जोडलेले तुकडे पूर्ण दिसावेत म्हणून त्यांच्याखाली अख्खं चित्र ठेवावं लागतं?

भाची: हो.

मामा: संपला वाद.

भाची: कसा काय?

मामा: अगं, तू म्हणत होतीस की तुकड्यांतून होळी उभी राहील. राहत नाहीये. तुझंच यंत्र सांगतंय. होळी आधी अख्खी पाहिजे.

भाची गप्प बसत नाही, आणि बसूही नये. मामांचा मुद्दा मोठा वाटतो, पण त्यांनी तांत्रिक अडचणीचं तत्त्वज्ञान केलं आहे, आणि ती अडचण मास्क एकेक पिक्सेल फुगवूनही सुटते. तरी त्यांच्या बोलण्याने एक झालं. तुकडे उडत येण्याचा हट्ट भाचीने सोडला. कदाचित चोवीस ट्रॅकचा कंटाळाही असेल त्यात. एडिटरचे सौंदर्यविषयक निर्णय पुष्कळदा रेंडरला लागणाऱ्या वेळातून होतात, हे त्या धंद्यातलं उघड गुपित आहे.

भाची: चला, तुमच्या मनासारखं करू. अख्खं चित्र आधीपासून खाली. तुकडे कुठूनही उडत येणार नाहीत. आपल्या जागेवर फक्त उघडत जातील.

मामा: ते कसं?

भाची: एकाच चित्रात होतं. केडेनलाइव्ह, शॉटकट, ओपनशॉट, ही सगळी फुकटची सॉफ्टवेअरं एक राखाडी चित्र घेऊन पडदा सरकवू शकतात. जिथे चित्र काळं तिथे व्हिडिओ आधी उघडतो, जिथे पांढरं तिथे सगळ्यात शेवटी. मधल्या छटा मधल्या वेळी. मी प्रत्येक तुकड्यात एकच सपाट छटा भरते. पहिला जवळजवळ काळा, पुढचा त्याहून थोडा उजळ, असं पांढऱ्यापर्यंत. साध्या चित्रात 256 छटा असतात, चोवीस तुकड्यांना दहा-दहाचं अंतर आरामात मिळतं.

मामा: एवढंच?

भाची: दोन पथ्यं आहेत. हे राखाडी चित्र काढताना कडा मऊ करायच्या नाहीत. तुकडा काळा आणि शेजारचा पांढरा असेल, तर मऊ कडेवर मधली राखाडी येते, आणि तो राखाडी पिक्सेल मधल्या कुठल्यातरी तुकड्याबरोबर उघडतो. पडद्यावर भुतासारख्या बारीक रेघा चमकून जातात. दुसरं, फाइल पीएनजी ठेवायची. जेपीईजी केली की छटा हलतात आणि तीच भुतं परत.

मामा: म्हणजे आता दोनच गोष्टी उरल्या. काप कुठे आणि क्रम कोणता.

भाची: काप तुम्ही सांगा.

मामा: बुध्याचा टोप ते घुंगरं एक तुकडा. मध्ये कापायचा नाही. ढोल आणि ढोल वाजवणारा एक. होळीतली बाकीची सोंगंही तशीच, मोरखी एक, शिकारी एक. बायकांची फेर धरलेली ओळ एक. ती हातात हात धरून आहे, ती तोडलीस तर मी उठून जाईन. बांबू खालपासून शेंड्यापर्यंत एक.

भाची: मग तुकडे लहान-मोठे होतील. डोकं आणि खाच कुठे काढू? जिगसॉ वाटायला तर हवा.

मामा: मोकळ्या जागेत काढ. आकाशात, जमिनीत, धुरात. माणसांवर नको.

भाची: आकाश काळंकुट्ट आहे रात्रीचं. काळ्या तुकड्यावर काळी रेघ, दिसणार काय? आणि अंधारातल्या फुटेजला दाणे किती असतात बघा. इंटरनेटवर चढवलं की ते दाणे लोण्यासारखे पसरतात. हे पहाटेच्या फ्रेमवरच जमेल. तांबडं फुटलेलं, माणसं स्पष्ट, धूर दिसतोय.

मामा: पहाटेचीच घे. होळी पेटते तेव्हाच.

क्रमावरून मात्र जुंपली. छटा कुठल्याही क्रमाने भरल्या की तुकडे यादृच्छिक उघडतात. वरचा एक, खालचा एक, मग मधला. डोळ्यांना बरं वाटतं, कारण पुढचा कुठे उघडेल ते कळत नाही. भाचीला तेच हवं होतं.

मामा: या रात्रीला क्रम आहे. आधी बांबू. तो येतो, सजतो, उभा राहतो. मग गावोगावचे लोक आपापले ढोल घेऊन उतरतात. मग नाच. मग पहाटे जाळ. जळता बांबू खाली आला की त्याचा शेंडा कापून घेतात. तू शेंडा आधी उघडलास आणि खड्डा नंतर, तर ज्याने ही रात्र जागवली आहे तो हसेल.

भाची: आणि ज्याने जागवली नाही?

मामा: त्याला काहीच कळणार नाही. क्रमाने दाखवलं तरी नाही.

भाची: मग मी कुणासाठी करतेय? मामा, अक्कलकुवा-धडगावची किती घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातमध्ये जातात. बारडोलीकडे, सुरतेकडे. होळीला परततात. सगळे विखुरलेले तुकडे एका रात्री काठीत जुळतात, हेच तर...

मामा: हे भाषण झालं. व्हिडिओखाली लिही हवं तर. माणसं तुकडे नसतात बाई. फडावर असतात तेव्हाही ती अख्खीच असतात, कोयता हातात घेऊन.

भाची: ठीक आहे, मागे घेतलं. पण फडावरचं पोरगं हे मोबाइलवर बघणार आहे, हे तर खरं? ज्याच्या आईबापांना यंदा उचल फिटली नाही म्हणून येता आलं नाही, ते पोरगं. त्याला क्रम पाठ आहे. त्याच्यासाठी क्रमानेच करते.

मामांनी यावर मान हलवली. मला मात्र भाचीचं आधीचं, रागात मागे घेतलेलं वाक्य पूर्ण टाकवत नाही. ते चुकीच्या तोंडी आलं, इतकंच. एडिटरने म्हटलं तर भाषण होतं. परतलेल्या माणसाने म्हटलं असतं तर मामांनी ऐकून घेतलं असतं.

मग ठेका. भाचीची कल्पना अशी, की तुकडा उघडण्याचा क्षण आणि ढोलावरची थाप एकाच फ्रेमवर यावी. तिने टाइमलाइनवर आवाजाची लहर मोठी करून प्रत्येक थापेवर खूण केली. आणि गडबड झाली.

भाची: बघा ना, थापेवर तुकडा उघडतो, पण त्याच तुकड्यातला ढोलवाला अजून हात खाली आणतोय असं वाटत नाही. हात आधीच खाली येऊन वर चाललाय.

मामा: कॅमेरा कुठे होता?

भाची: मैदानाच्या कडेला. ढोल पार पलीकडे.

मामा: मग बरोबर आहे. विज्ञान शिकवायचो मी. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. उजेडाला वेळ लागत नाही म्हण. शंभर मीटरवरचा ढोल वाजताना दिसतो आधी, ऐकू येतो पाव सेकंदाहून जास्त उशिरा.

भाची: सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची. तेवढ्यात आवाज साडेतेरा मीटर जातो. शंभर मीटरला सात फ्रेम मागे! मग मी आवाज सात फ्रेम पुढे ओढते, जमेल.

मामा: पलीकडच्या ढोलाचं जमेल. अलीकडच्याचं बिघडेल. आणि मैदानात एकच ढोल असतो का? जो जिथे उभा तिथला ठेका त्याचा. मधोमध उभा राहिलेल्याला एक ऐकू येतो, कडेच्याला दुसरा.

भाची: मग तुकडे कुठल्या ढोलावर उघडू?

मामा: कॅमेऱ्याला जो ऐकू आला त्यावर. तुझा माणूस तिथे उभा होता ना? मग तो उशीरही राहू दे.

एडिटिंगच्या वर्गात आवाज आणि चित्र घट्ट जुळवायला शिकवतात, आणि शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा ते योग्यच असतं. पण डोंगरातल्या मोठ्या मैदानावर आवाजाचं मागे राहणं हे त्या जागेचं मापच आहे. ते पुसलं की मैदान खोलीएवढं होतं. भाचीला हे पटलं की नाही ते मला सांगता येत नाही. तिने खुणा होत्या तिथे ठेवल्या.

मामा: अजून एक सांग. हे सगळं माझ्या म्हणण्याप्रमाणे करूनसुद्धा, माणूस अख्खा, क्रम बरोबर, काही उडत नाही, काही फिरत नाही... मग यात जिगसॉ उरला कुठे? सरळ अख्खी फ्रेम दाखव की.

भाची: नाही. आता माझं ऐका. अख्खी फ्रेम दाखवली की लोकांना काय दिसतं? ‘रंगीबेरंगी आदिवासी होळी’. एका सेकंदात बघून झालं. बाहेरून येणारे फोटोवाले तेच करतात, एकाच चौकटीत मोरपिसं, जाळ, गर्दी, सगळं कोंबतात. बघणाऱ्याला वाटतं, कळलं. काळ्या पडद्यावर नुसता शिकारी उघडला, आजूबाजूला काही नाही, तर तो शिकाऱ्याकडेच बघेल. हा कोण, हातात काय, कुणाकडे बघतोय. पाऊण सेकंद का होईना. मग बुध्या. कमरेचे भोपळे मोजेल कुणीतरी. गर्दीत ते भोपळे तुम्हाला तरी दिसतात का?

मामा: मला माहीत असतात.

भाची: माहीत असणं आणि दिसणं एकच नाही. मी दहा वेळा ते फुटेज बघितलंय. धानका डोकोचं सोंग घेतलेला माणूस मला तुकडा पाडताना पहिल्यांदा दिसला. तोपर्यंत तो माझ्यासाठी गर्दी होता.

मामा: हे मात्र खरं बोललीस.

भाची: म्हणून तुकडे. मग सात सेकंद नकोत, बारा करू. उघडलेला तुकडा थोडा वेळ एकटा राहू दे.

मामा: आणि अंगठा? तो फिरत असतो ना लोकांचा?

भाची: ज्यांचा फिरेल त्यांचा फिरू दे. नाही... दहा करू. बारा फार होतात. माझ्या पोटाचाही प्रश्न आहे.

मामा: दहाच कर. पण बांबूचा तुकडा सांग, कसा दिसतोय तो?

भाची: तिथेच घोळ आहे. फ्रेम आडवी. बांबू मावावा म्हणून कॅमेरा मागे नेला, तर माणसं मुंगीएवढी. माणसं घेतली, तर बांबू अर्ध्यावर कापला. आत्ता जी फ्रेम आहे तिच्यात शेंडा नाही.

मामा: शेंडाच नाही? मग इतका वेळ क्रम कशाचा लावतोय आपण?

भाची: मोबाइलसाठीची उभी आवृत्ती वेगळी करायची आहेच. 1080 बाय 1920. तिच्यासाठी राखाडी चित्रही नव्याने काढावं लागेल, काप सगळे बदलतील. ड्रोनवाल्याकडून एक उभं फुटेज मिळालंय, त्यात खड्ड्यापासून शेंड्यापर्यंत बांबू येतो.

मामा: मग आधी ती कर.

भाची: त्यात बायकांची ओळ बसत नाही मामा. दोन्ही बाजूंनी कापली जाते. तुम्ही उठून जाणार होता ना?

मामा: ओळ वळते गं. फेर आहे तो. पुढचे दहा सेकंद लाव, कुठेतरी ती कॅमेऱ्यासमोर उभी येईल.

भाची: वरून काढलंय, डोकीच दिसतील.

मामा: लाव तरी.